आरोग्य संशोधनाची आखणी करताना लोकांना नेमकं कधी बोलवायचं?

शाईपेन

आरोग्य संशोधनात काम करते, त्यामुळे हा विषय रोजचाच आहे, पण यावर मोकळेपणी बोलणं फार कमी होतं म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सावकाश वाचा.

आमच्या क्षेत्रात आज कुणालाही विचारा की ज्यांच्या आजारावर किंवा ज्यांच्या वस्तीत संशोधन करायचंय त्यांना आखणीत घ्यावं का, उत्तर हो असंच येतं. प्रोफेसर हो म्हणतात, फंडिंग देणारे हो म्हणतात, एथिक्स कमिटीवाले हो म्हणतात, नाही म्हणणारा शोधून सापडत नाही. पण मीटिंग संपल्यावर हेच लोक जिन्यात उभे राहून वेगळं बोलतात. वेळ कुठून आणायचा, त्याचे पैसे ग्रँटमध्ये धरलेलेच नाहीत, सामान्य माणसाला रँडमायझेशन, म्हणजे कुणाला कुठला उपचार हे चिठ्ठीने ठरवणं, कसं समजावणार, आणि जी दोनचार माणसं येतात ती सगळ्यांच्या वतीने बोलतायत हे कशावरून. आणि एक जरा हळू आवाजात, की लोकांनी काही भलतंच मागितलं तर काय करायचं.

या शंका खोट्या नाहीत, मी त्यांची टिंगल करणार नाही. पण इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की यातल्या बऱ्याचशा अडचणी लोकांना उशिरा बोलावल्यामुळे तयार होतात. नेहमीचा क्रम आठवा. फंडिंगचा कॉल येतो, मुदत थोडी असते, मग टीम बसून प्रश्न ठरवते, आउटकम, म्हणजे काय मोजायचं ते, ठरवते, सॅम्पल साइझ काढते, बजेट मांडते, सबमिट करते. ग्रँट मिळते, मग एथिक्स कमिटीची परवानगी, आणि हे सगळं झाल्यावर कुणाला तरी आठवतं की अरे कम्युनिटीचं राहिलं. मग एक ॲडव्हायझरी बोर्ड होतं, त्यांच्यासमोर छापील प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा पक्का आराखडा, ठेवतात आणि विचारतात, काही सूचना? आता तिथे सूचना कसली करणार, कन्सेंट फॉर्मची भाषा सोपी करा आणि पोस्टरवरची अक्षरं मोठी करा. आणि एखाद्या बाईने धीर करून म्हटलंच की अहो पण तुम्ही जे मोजताय ते आमचं दुखणंच नाही, तर काय उत्तर देणार? आता बदलता येत नाही, मंजूर झालंय. पुढे रिपोर्टात जातं की सहभाग घेतला पण आखणीत फार फरक पडला नाही!

लवकर विचारलं तर काय होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ट्रायलमध्ये काय मोजायचं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, रक्तातले मार्कर, अशी यादी त्यांनी आधीच पक्की केली होती. २००२ मध्ये पहिल्यांदा पेशंट त्यांच्या बैठकीत सहभागी म्हणून बसले आणि त्यांनी सांगितलं की आम्हाला सगळ्यात जास्त आडवं पाडतो तो थकवा, आणि तो तुमच्या यादीतच नाही. पुढच्या काही वर्षांत त्यावर काम होऊन थकवा मोजायलाच पाहिजे असं ठरलं. इतके हुशार डॉक्टर इतकी वर्षं सांधे मोजत होते, आणि ही गोष्ट फक्त विचारायचीच बाकी होती.

तर प्रश्न असा की तुमच्यापैकी जे संशोधनात आहेत, किंवा ज्यांच्यावर संशोधन झालंय, त्यांना काय वाटतं? कुठल्या टप्प्यावर बोलावलं तर उपयोग होतो, आणि कुठे खरंच होत नाही?

रानवारा

वाचतेय. लिहिणार आहे यावर, रात्री सविस्तर लिहिते.

ओपीडीवाला

धागा चांगलाय पण मी थोडी उलट बाजू मांडतो, कारण मी स्वतः ट्रायल चालवतो आणि या सगळ्यातून गेलोय.

पहिलं, वेळ. ताई, तुम्ही म्हणता प्रश्न ठरायच्या आधी लोकांशी बोला. मान्य. पण त्या वेळी माझ्याकडे ग्रँट नसते, म्हणजे लोकांच्या येण्याजाण्याचा खर्च, जागा, बोलणं लिहून घेणारा माणूस, यातलं काहीच नसतं. ग्रँट मिळेल की नाही तेही माहीत नसतं. दहा अर्ज केले तर बहुतेक नाकारले जातात हे तुम्हालाही माहितीये. मग दर वेळी लोकांना गोळा करायचं, त्यांच्या अपेक्षा वाढवायच्या आणि नंतर सांगायचं की झालं नाही हो, हे मला जास्त अन्यायाचं वाटतं.

दुसरं, प्रतिनिधित्व. जे येतात ते बोलके असतात, शिकलेले असतात, त्यांच्याकडे दुपारी मोकळा वेळ असतो. ज्याला दोन पाळ्यांमध्ये काम करायला लागतं तो येतच नाही. आणि हेच बोलके लोक तीनचार पॅनेलवर फिरतात, ट्रेनिंग घेतात, आमचीच भाषा बोलायला लागतात. मग ते सामान्य पेशंट राहिले कुठे? हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाहीये, २०१३ मध्ये यावर रीतसर पेपरसुद्धा आलाय की ट्रेनिंग दिल्याने ज्या साधेपणासाठी आपण त्यांना बोलावलं तोच निघून जातो.

मी विरोधात नाही. फक्त हे सोपं आहे असं कुणी सांगितलं की मला राग येतो.

आकडेमोड

मी संख्याशास्त्रवाला, त्यामुळे माझ्याकडे लोक विरोधक म्हणूनच बघतात, पण माझं मत तसं नाहीये.

आधी पुरावा काय सांगतो ते. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा, आला होता, लोकांच्या सहभागाने ट्रायलमधल्या रिक्रूटमेंटवर, म्हणजे माणसं मिळण्यावर, काय परिणाम होतो यावर. सरासरी फायदा होता पण माफक, ऑड्स रेशो १.१६ (१ म्हणजे काहीच फरक नाही). मात्र सहभागी झालेल्या लोकांमध्ये त्या आजाराचा स्वतः अनुभव असलेली माणसं होती तिथे फरक जास्त दिसला. लोक शेवटपर्यंत टिकतात का याबद्दल ठाम काही सांगण्याइतका डेटा नव्हता. म्हणजे चमत्कार वगैरे नाही, पण ज्या ट्रायल माणसं न मिळाल्यामुळे रखडतात तिथे माफक फायदासुद्धा मोठा असतो.

आता माझी खरी अडचण. प्रश्न कुठला घ्यायचा, आउटकम काय, व्हिजिट किती, तुलना कशाशी, यात लोक पाहिजेतच. पण मोजणी सुरू झाली की ज्यांचा निकालात जीव अडकलाय त्यांनीच मोजावं का, यावर मी अडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावाचं प्रकरण आठवा. मुलांमध्ये ल्युकेमिया जास्त दिसतोय हे आधी तिथल्या आयांच्या लक्षात आलं, १९७९ मध्ये दोन दूषित विहिरी बंद झाल्या, मग गावातल्या स्वयंसेवकांनी हार्वर्डच्या संख्याशास्त्रज्ञांबरोबर फोनवरून सर्व्हे केला, १९८६ ला पेपर छापून आला. आणि टीका लगेच झाली की ज्यांना पाण्यावर संशय आहे तेच मुलाखती घेतायत, बायस येणार, म्हणजे उत्तरं एका बाजूला झुकणार. त्या संशोधकांनी बायस तपासून बघितला होता तरी ते बोट लागलंच. नंतर राज्याच्या आरोग्य खात्याच्या अभ्यासातसुद्धा गरोदरपणी ते पाणी मिळालेल्या आयांच्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा संबंध दिसला, म्हणजे लोकांचा संशय पोकळ नव्हता. पण मधली कित्येक वर्षं त्यांच्या आकड्यांवर अविश्वास राहिला, ही किंमत लहान नाही.

माझं म्हणणं, आखणीत पूर्ण हक्क द्या, पण मोजणी कोण करणार हे आधीच लोकांशी बोलून ठरवा आणि तसं लिहून ठेवा. लोकांना कारण सांगितलं तर कळतं. आम्हीच सांगायचा कंटाळा करतो.

शाईपेन

आकडेमोड, वोबर्नचं बरं झालं काढलंत. त्यात अजून एक आहे. तो प्रश्न विचारायला हवा हेच मुळात आयांनी ठरवलं. एकही संशोधक तोपर्यंत तिकडे फिरकला नव्हता.

ओपीडीवाला, पैशांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. काही फंडर आता अर्ज तयार करण्यासाठीच छोटी रक्कम देतात, लोकांशी बोलायला म्हणून, पण ती सगळीकडे मिळत नाही आणि मिळते तिथेही अपुरी पडते. अपेक्षा वाढवण्याबद्दल मात्र माझा अनुभव वेगळाय. पहिल्याच दिवशी सांगितलं की हे अजून मंजूर नाही, कदाचित होणारही नाही, तर लोक समजून घेतात. त्यांना राग येतो तो नंतर कुणी कळवतच नाही याचा.

प्रतिनिधित्वावर जरा सविस्तर लिहिते, कारण हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकलाय. कमिटीवर एक हृदयरोगतज्ज्ञ बसतो तेव्हा आपण त्याला विचारतो का की तुम्ही सगळ्या हृदयरोगतज्ज्ञांचे प्रतिनिधी कशावरून? नाही विचारत. त्याच्याकडे काहीतरी माहिती आहे जी बाकीच्यांकडे नाही, म्हणून तो तिथे आहे. मग डायलिसिसवर असलेल्या बाईकडेही अशी माहिती आहे ना, मशीनवरून उठल्यावर पुढचा अर्धा दिवस कसा जातो ही, जी त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नाही. तिला मत द्यायला पाठवलेली लोकप्रतिनिधी समजायची गरजच नाही. मात्र जिथे खरोखर सगळ्यांचं मत हवंय, म्हणजे कुठल्या प्रश्नाला आधी पैसे द्यायचे असं काही, तिथे दोन माणसं बसवून भागणार नाही, तिथे मोठा सर्व्हे घ्या, गटात बसा, आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जा. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हेच करतंय, पेशंट, घरी काळजी घेणारे आणि डॉक्टर यांच्याकडून प्रश्न मागवायचे आणि मग एकत्र बसून पहिले दहा ठरवायचे. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. मग एकीचं माप दुसरीला लावून म्हणतो की बघा कमी पडलं.

ट्रेनिंग घेतलेले पेशंट आपल्यासारखे होतात हे काही अंशी खरंय. पण मग ट्रेनिंग न देता त्यांना आपल्या भाषेतल्या मीटिंगमध्ये बसवायचं, हा काय उपाय झाला? ट्रेनिंग आपल्यालाही घेता येईल, साधं बोलायचं.

दुसरीबाजू

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी संशोधक नाही. घरात दीर्घ आजाराचा माणूस आहे, त्याचं सगळं मी बघते, आणि त्या नात्याने मला एका अभ्यासाच्या पॅनेलवर बोलावलं होतं. संस्थेचं नाव लिहीत नाही, लिहून काही उपयोगही नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मेलवर ते जाडजूड डॉक्युमेंट आलं, इंग्रजीत, शॉर्टफॉर्मने भरलेलं. रात्री जागून जेवढं कळलं तेवढं वाचलं. मीटिंग दुपारी होती, तेवढा वेळ पेशंटजवळ बसायला माणूस ठेवायला लागला, त्याचे पैसे मीच दिले. मीटिंगमध्ये सगळे चांगले वागले, खोटं कशाला बोलू, खूप आदराने वागले. पण माझ्याकडे वळून विचारलं ते शेवटी, वेळ संपत आल्यावर. मी म्हटलं की तुम्ही पेशंटला महिन्यातून दोनदा सकाळी उपाशीपोटी यायला सांगताय, आमच्या माणसाला सकाळी उठवून तयार करायलाच दोन तास लागतात आणि उपाशी ठेवलं तर त्याचा पूर्ण दिवस बिघडतो, ती तपासणी खरंच दोनदा हवी आहे का? तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि एक डॉक्टर म्हणाले की खरंतर एकदा चालेल, मागच्या प्रोटोकॉलमधून तसंच आलं असावं.

बदललं का ते? मला माहीत नाही. त्यानंतर कुणाचा फोन आला नाही, मेल आला नाही, अभ्यास झाला की नाही, काय निघालं, काहीच नाही. मला मोठा मान नकोय. मला फक्त कळायला पाहिजे होतं की मी बोलले त्याचं काय झालं. बदलता आलं नाही तर तसं सांगा, कारण सांगा, मी समजून घेईन. रोज डॉक्टरांशीच बोलते, मला नाही ऐकायची सवय आहे.

रानवारा

दुसरीबाजू ताई, तुमची पोस्ट वाचून काय लिहावं कळेना. तुमच्यासारख्या माणसांना परत जाऊन सांगायचं काम आमचं असतं आणि तेवढ्यासाठीच कधी पैसे नसतात.

मी फील्डवर काम करते, घरोघर जाऊन प्रश्नावली भरणारे जे असतात ना त्यातली. संशोधकांच्या आणि लोकांच्या मधे आम्ही असतो पण आखणीत आम्हालाही कुणी विचारत नाही हे आधी नोंदवते. प्रश्नावली हातात येते तेव्हाच दिसतं की हा प्रश्न सासूसमोर विचारता येणार नाही, हा प्रश्न विचारला की बाई उठून आत जाणार, आणि हा प्रश्न इतका लांब आहे की शेवटपर्यंत जाता जाता सुरुवात विसरते. कुणीतरी आधी आमच्याबरोबर एक दिवस बसलं असतं तर निम्मं तिथेच सुधारलं असतं. पायलट करतात, पण पायलट होईपर्यंत प्रश्न कायम झालेले असतात, शब्द तेवढे बदलतात.

अजून एक सांगते जे संशोधकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही वस्तीत येऊन म्हणता की कम्युनिटीशी बोलायचंय, तर तुमच्यासमोर कोण येतं? जो पुढारी आहे तो येतो, जी संस्था आधीपासून आहे तिची माणसं येतात. ते बोलतात, बाकीचे मान हलवतात. बायका मागे असतात. ज्यांना तो आजार लपवायचाय ते तर येणारच नाहीत. ओपीडीवाला सर म्हणतात तो मुद्दा बरोबर आहे पण त्याचा अर्थ बोलवूच नका असा नाही ना होत. एकदा बोलावून काम झालं असं समजू नका, वेगवेगळं बोला, बायकांशी बायकांनी बोला, एकेकट्याने बोला, संध्याकाळी जा. याला वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याच टाइमलाइनमध्ये नसतो, टाइमलाइनमध्ये फक्त “कम्युनिटी एंट्री, दोन आठवडे” असं लिहिलेलं असतं.

ओपीडीवाला

दुसरीबाजू, तुम्ही जे विचारलंत ते आमच्यापैकी कुणी विचारलं नसतं, हे मान्य करायलाच पाहिजे. जुन्या प्रोटोकॉलमधून गोष्टी जशाच्या तशा पुढे येतात हे अगदी खरंय.

रानवारा, तुमची पोस्ट माझ्या टीमला दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

रानवारा

दाखवा की. नाव नाहीच आहे त्यावर :)

कालरेषा

इतिहासातलं थोडं भर घालतो, कारण हा विचार संशोधकांच्या उदारपणातून आलेला नाही, लोकांनी भांडून मिळवलाय, आणि ते विसरलं की मग आपण ‘त्यांना सहभागी करून घेतो’ अशा थाटात बोलायला लागतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स झालेल्या लोकांनी एक जाहीरनामा काढला, आम्हाला बळी म्हणू नका आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला घ्या. १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये ॲक्ट-अप या एड्सवर आंदोलन करणाऱ्या गटाच्या कार्यकर्त्यांनी एफडीएच्या, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, ऑफिसला घेराव घातला. त्या वेळच्या काही ट्रायलमध्ये अशी अट होती की दुसरी औषधं घ्यायची नाहीत, अगदी न्यूमोनिया होऊ नये म्हणून घ्यायची तीसुद्धा. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने ही अट का पाळावी? लोकांनी पाळली नाही. गोळ्या लॅबमध्ये तपासून घेतल्या की आपल्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळतेय का खरं औषध, आणि खऱ्या गोळ्या आपसात वाटून घेतल्या. आकडेमोड, तुम्ही सांगा, अशा ट्रायलच्या डेटाचं काय होतं? कागदावर डिझाइन एकदम शुद्ध होतं. पुढे याच कार्यकर्त्यांनी विषय शिकून घेतला, सरकारी एड्स ट्रायल नेटवर्कच्या कमिट्यांवर जागा मिळवल्या, आणि एड्सच्या ट्रायल कशा करायच्या हे बदललं.

दुसरं उदाहरण जास्त त्रासदायक आहे. एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून टेनोफोव्हिर हे औषध घेतलं तर उपयोग होतो का याची ट्रायल कंबोडियात सेक्स वर्कर महिलांमध्ये होणार होती. त्या महिलांच्या संघटनेने विचारलं की साइड इफेक्ट झाले तर ट्रायल संपल्यावर आमच्या उपचाराचं काय, आम्हाला पुढे संरक्षण द्या. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, वाद वाढला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये सरकारने ट्रायल सुरू व्हायच्या आतच थांबवली. २००५ मध्ये कॅमेरूनमधली तशीच ट्रायल थांबली. आता बघा, या पद्धतीने एचआयव्ही टाळता येतो हे २०१० मध्ये दुसऱ्या एका मोठ्या ट्रायलने दाखवलं. म्हणजे कल्पना चांगली होती, शास्त्र बरोबर होतं. अडलं ते कशावर, तर ज्यांच्या शरीरावर प्रयोग होणार त्यांच्या अगदी साध्या प्रश्नाला आधी कुणी नीट बसून उत्तर दिलं नाही यावर. त्यानंतर २००७ मध्ये यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम आणि अव्हॅक ही एचआयव्ही प्रतिबंधावर काम करणारी संस्था यांनी मिळून एचआयव्ही प्रतिबंधाच्या ट्रायलसाठी चांगल्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०११ मध्ये त्या सुधारल्या.

वेळ नाही म्हणणाऱ्यांनी त्या थांबलेल्या ट्रायलचा हिशोब मांडून बघावा. सहभाग घेतला असता तर किती महिने गेले असते, आणि न घेतल्याने किती वर्षं गेली.

आकडेमोड

कालरेषा, उत्तर सोपंय. दोन्ही गटांत गोळ्या मिसळल्या की त्यांच्यातला फरक पुसट होतो, आणि चांगलं औषधसुद्धा निरुपयोगी दिसू शकतं. लोकांना न पटलेलं डिझाइन हे संख्याशास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा वाईट डिझाइन आहे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

कोरापान

मी पीएचडीला आहे, पहिलं वर्ष. धागा कालपासून वाचतेय. गाइड म्हणतात की हे सगळं मोठ्या ग्रँटवाल्यांसाठी आहे, तू आधी लिटरेचर रिव्ह्यू संपव. माझ्याकडे पैसे नाहीत, टीम नाही. आणि एक खरी भीती आहे. मी लोकांना विचारलं आणि ते म्हणाले की आम्हाला कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी तो उपाय न मिळणारा गट) नकोच, सगळ्यांना द्या, तर मी काय करू? माझं पूर्ण डिझाइन त्याच्यावर उभं आहे. आणि एथिक्सची परवानगी मिळायच्या आधी मी लोकांशी बोलू तरी शकते का?

तटस्थखुर्ची

एथिक्स कमिटीवर बसतो, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हा गैरसमज इतका पसरलाय की त्यामुळे कित्येक चांगले संशोधक घाबरून बोलतच नाहीत. लोकांना सल्लागार म्हणून विचारणं, म्हणजे हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो का, ही पद्धत झेपेल का, ही आखणीची चर्चा झाली. लोकांकडून त्यांच्याबद्दलची माहिती डेटा म्हणून गोळा करणं आणि नंतर ती पेपरमध्ये वापरणं, हे संशोधन, त्याला परवानगी लागते. सीमारेषेवर असाल तर आपल्या कमिटीच्या सचिवांना आधी लेखी विचारा, प्रत्येक संस्थेचे नियम थोडे वेगळे असतात. पण गप्प बसणं हा सुरक्षित मार्ग नाहीये. आरोग्य संशोधनासाठीच्या सीआयओएमएस या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट आहे की समाजाला आखणीपासून निष्कर्ष पोचवेपर्यंत सहभागी करा, आणि २०२४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वं, सुधारला तेव्हा तिथेही आधी, दरम्यान आणि नंतर असा अर्थपूर्ण सहभाग आला. म्हणजे आम्ही कमिटीवालेच उद्या तुम्हाला विचारणार की आधी कुणाशी बोललात.

आणि रक्तासारख्या नमुन्यांबद्दल जरा जपून. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींकडून अरिझोनाच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात रक्त घेतलं, लोकांना वाटलं डायबेटिससाठी, कारण डायबेटिसने ते खरंच हैराण होते. नंतर तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांच्या अभ्यासाला वापरलं गेलं, जे त्यांनी कधीच मान्य केलं नसतं. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. सह्या होत्या बरं का फॉर्मवर, आणि फॉर्मची भाषाही ढोबळ, त्यात बरंच काही बसत होतं. म्हणून मी म्हणतो की नमुन्यांचं पुढे काय होणार हा प्रश्न आखणीच्या बैठकीत लोकांसमोर ठेवा, फॉर्मच्या सहाव्या पानावर नको.

आकडेमोड

कोरापान, कंट्रोल ग्रुपचं मी सांगतो.

आधी लोकांना नको म्हणजे नेमकं काय नको हे ऐका. बहुतेक वेळा त्यांना तुलना नको नसते, त्यांना आपल्या वाट्याला कधीच काही येणार नाही हे नको असतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरीवर उपाय आहे. सगळ्यांना द्यायचं पण टप्प्याटप्प्याने, आणि कुणाचा टप्पा आधी हे चिठ्ठीने ठरवायचं, याला स्टेप्ड वेज डिझाइन म्हणतात. गांबियात १९८६ पासून हेपॅटायटिस बी ची लस अशीच भागाभागाने देत नेली, एकदम सगळीकडे देणं शक्य नव्हतं म्हणून, आणि त्यातूनच तुलना मिळाली. याला मर्यादा आहेत, ॲनालिसिस किचकट होतं, काळाबरोबर बाकीच्या गोष्टी बदलतात त्याचा हिशोब ठेवायला लागतो, तुझ्या विषयाला बसेलच असं नाही. बसलं नाही तर लोकांना सरळ सांगायचं की हा उपाय काम करतो का हेच आम्हाला माहीत नाही, कदाचित तोटाही होईल, म्हणून तुलना हवी. चिठ्ठी कशी काढणार ते त्यांच्यासमोर काढून दाखव. आणि इतकं करूनही नाही म्हणाले तर तिथे ते डिझाइन होत नाही. हे तुला आज कळलेलं बरं, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माणसं सोडून जायला लागल्यावर कळण्यापेक्षा.

ओपीडीवाला

आकडेमोडशी सहमत. फक्त एक जोडतो, लोक म्हणतील ते सगळं मान्य करायचं असं कुणी समजू नये. लोकांनी मागितलं म्हणून सिद्ध न झालेली गोष्ट मी ट्रायलशिवाय वाटणार नाही. माझा अधिकार मी तिथे वापरेन आणि का वापरला ते तोंडावर सांगेन. इतका प्रामाणिकपणा दोन्हीकडून हवा.

शाईपेन

ओपीडीवाला, हे पूर्ण पटलं. सहभाग म्हणजे गोड बोलणं नाही, त्यात नाही म्हणणं पण आलं. फक्त लोकांचं नाही आणि आपलं नाही या दोन्हीला वजन असायला पाहिजे. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, ती शहर नियोजनासाठी होती, पण आमच्याकडे अजून वापरतात. तिच्या मधल्या पायऱ्या म्हणजे माहिती देणं, सल्ला घेणं, मन राखणं. आपले बहुतेक ॲडव्हायझरी बोर्ड मला तिथेच अडकलेले दिसतात. प्रत्येक अभ्यास वरच्या टोकाला जायलाच हवा असं मी म्हणणार नाही, काही विषयांत ते शक्य नसतं. पण आपण कुठल्या पायरीवर आहोत ते खरं लिहावं, सल्ला घेतला असेल तर भागीदारी केली असं छापू नये.

कोरापान, आता तुझ्यासाठी. पैसे नाहीत हे खरंय म्हणून जे करता येईल ते लहान ठेव. तुझ्या विषयाचा त्रास स्वतः भोगलेली चारपाच माणसं शोध, जमलं तर एकमेकांपेक्षा वेगळी, आणि एक रानवारासारखी फील्डवरची. त्यांच्याकडे प्रोटोकॉल नेऊ नकोस. तुझा विषय एका पानावर साध्या भाषेत लिही आणि विचार की यात काय जाणून घ्यायला पाहिजे, आणि काय विचारलेलं तुम्हाला आवडणार नाही. ते सांगतील त्याचा एक तक्ता कर, कोण काय म्हणालं, मी काय बदललं, काय बदललं नाही आणि का. हा तक्ता थीसिसमध्ये जाऊ शकतो, सहभाग कसा नोंदवायचा याच्या ग्रिप-टू नावाच्या चेकलिस्टसुद्धा आहेत २०१७ च्या, त्या बघ. आणि तोच तक्ता त्या माणसांना परत पाठव. दुसरीबाजू ताईंनी जे मागितलं ते हेच आहे, याला मोठी ग्रँट लागत नाही.

कोरापान

खूप खूप आभार सगळ्यांचे. गाइडना एक पान लिहून दाखवते आधी. अजून एकच, त्यांना पैसे द्यायचे का? आणि पेपरमध्ये नाव?

दुसरीबाजू

मी सांगू? पैसे द्या. थोडे असले तरी द्या, आणि किती देणार ते आधी सांगा. येण्याजाण्याचा खर्च तिथल्या तिथे द्या, नंतर फॉर्म भरून पाठवा असं नको. आणि नावाचं विचारा, गृहीत धरू नका. मला माझं नाव नको होतं, आजाराचं घरात ठेवायचंय आम्हाला. दुसऱ्या कुणाला हवं असेल.

शाईपेन

नावाबद्दल ताईंनी सांगितलं तेच. ज्यांनी आखणीत किंवा लिखाणात खरोखर भर घातली आणि ज्यांना नाव हवंय, त्यांना को-ऑथर करता येतं, जर्नलचे लेखकत्वाचे निकष पूर्ण होत असतील तर. बाकीच्यांचे आभार मानायचे, तेही विचारून. हे पहिल्याच बैठकीत बोलून घे.

रानवारा

आणि कोरापान, बैठक दुपारी ठेवू नकोस.